सटवाई, माय आणि माझा पासपोर्ट

११ जाने. ९६, गुरुवार. पाटोदा

पासपोर्ट आला! पोस्टमनने रजिस्टर पाकीट माझ्या एसटीडी बूथच्या काउंटरवर ठेवलं आणि सही घ्यायच्या आधीच पेढे मागितले. शेजारच्या फोटो स्टुडिओतून रफिक हातातलं गिऱ्हाईक सोडून धावत आला. उघडलं. फोटो माझाच, रफिकनेच काढलेला, मिशा पिळलेल्या. नाव: भागीरथी सोमा कोकरे. तेही बरोबर. पुढे लिंगाच्या रकान्यात इंग्रजी एफ.

रफिक : "एफ म्हंजे काय बे?"

मी : "बाई."

मग दोघे इतके हसलो की केबिनमध्ये एसटीडीवर बोलणाऱ्या बाईने काचेतून डोळे वटारले.

हसू संपल्यावर मात्र कॅलेंडर बघितलं. मार्चमध्ये फ्रान्सला जायचंय. तिकडच्या कुठल्याशा गावात लोकनृत्यांचा मेळा, आणि त्यात आमच्या धनगरांचं गजीचं पथक. म्हादूतात्या म्होरक्या, ढोल माझा. ह्या पासपोर्टावर मला विमानात तर सोडा, विमानतळाच्या फाटकातही कोण घेणार.

१२ जाने.

चूक पासपोर्टवाल्यांची नाही. अर्जात मी ‘पुरुष’ लिहिलं होतं, पण सोबत जोडलेल्या शाळेच्या दाखल्यावर ‘कुमारी’. त्यांनी दाखल्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवला असता.

खरी भानगड मायची. माझ्या आधीचे तीन भाऊ पाळण्यातच गेले. चौथा मी. सटवाई पोरं नेते, तर तिला चकवायचं असं मायने ठरवलं. पाचवीच्या पूजेलाच नाक टोचलं, हातात बांगड्या घातल्या, नाव भागीरथी. सटवाई आली, पोरगी बघून कपाळावर काहीतरी लिहिलं आणि गेली. निदान माय तरी असं सांगते. बाप मला शाळेत घालायला घेऊन गेला तेव्हा मी परकरात होतो. गुरुजींना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

परकर तिसरीत सुटला. नंतर मिशा आल्या. कागद तसाच राहिला. दहावीला माझा नंबर मुलींच्या रांगेत आला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा काही वाईट वाटलं नव्हतं. पाटोद्यात ह्याने कधी काही अडलं नाही, सगळ्यांना ठाऊक. माय तर आजही मला पोरगीच म्हणते. "जेवलीस का गं भागा?" असं बूथवर येऊन विचारते. नवं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघतं, मग माझ्या मिशांकडे.

१६ जाने.

तालमीला म्हादूतात्याला सांगून टाकलं. म्हातारा हसता हसता खालीच बसला. "आरं मग चल की बाई म्हनून! लुगडं आमी देतो, नथ तुज्या मायची घे."

मग डोळे पुसून सरळ झाला. "मस्करी ऱ्हाऊ दे. न्हाईच जमलं तर माजा भाचा हाय. त्याचा बी हात बरा हाय."

भाच्याचा हात म्हणजे पत्र्यावर पडलेल्या गारा. डोकं फिरलं माझं. पुढचा ताल इतक्या जोरात धरला की नाचणारे दमून शिव्या द्यायला लागले.

२३ जाने., मंगळवार

पासपोर्टाचं हापीस आहे त्या शहराला मी आता नुसतं ‘पा.गाव’ लिहिणार. रात्रभर यष्टी, पाठीचा खुळखुळा. खिडकीतल्या कारकुनाने पासपोर्ट बघितला, मला बघितलं, परत पासपोर्ट. मग आत मॅडमकडे पाठवलं.

मॅडम चष्म्यातून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "मिशा दिसतायत मला. पण मिशा हा पुरावा नाही."

बरोबरच आहे.

दोन कागद लागतील म्हणाल्या. एक सरकारी डॉक्टरचा दाखला. दुसरं आईचं प्रतिज्ञापत्र, तहसीलमध्ये अधिकाऱ्यासमोर केलेलं, की जन्माला आला तो मुलगा होता. "वडील?" मी म्हटलं, नाहीत. "मग आईच." हेही म्हणाल्या की नावही बदलून घ्या, भागीरथ करून टाका, पुढची कटकट जाईल. विचार करतो म्हटलं.

सोपं काम आहे, असं मनाशी म्हणत परत निघालो. मला मायची सटवाई तेव्हा का आठवली नाही कोण जाणे.

२४ जाने.

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"अंगठा द्यायचा तहसीलीत. एवढंच."

"कशावर?"

"कागदावर. की मी पोरगा हाय."

भाकरी तव्यावर टाकायची राहिली. "न्हाई."

"अगं, सरकारी कागद तो. सटवाईचा काय संबंध?"

"तिला कळल."

"तिला काय वाचता येतंय व्हय?"

माय माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी अजून परकरात आहे. "आरं... अगं, ती लिहिती! सगळ्या दुनियेच्या कपाळावर लिहिती. आन् तिला वाचता यीना?"

ह्याचं उत्तर दिवसभर शोधलं. रफिकला विचारलं, त्याचा रोजा होता, तो म्हणाला उपाशी पोटी असल्या गोष्टी सुचत न्हाईत, संध्याकाळी विचार. संध्याकाळी खजूर खाऊनही त्याला सुचलं नाही.

२८ जाने., रवि.

माय बोलत नाही. पण जेवणात ठेचा, वर तेलाची धार, माझ्या आवडीचा. म्हणजे रागावलेली नाही, घाबरलेली आहे. तिला जास्त ताणावंसंही वाटत नाही. तीन पोरं मातीत ठेवलेली बाई.

पण जायचंय मला. लई जायचंय. विमान बघायचंय, परदेश बघायचाय, ते तर आहेच. आज ढोलाची दोरी आवळताना एक गोष्ट ध्यानात आली, ती इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मायने मला आजवर एकदाही पोरगा म्हटलेलं नाही. माझी कधी तक्रार नव्हती. आता मात्र तिने म्हणावं असं वाटतंय. कागदावरचा अंगठा निमित्ताला आहे.

२ फेब्रु.

बीडला सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, असा दाखला नोकरीत पहिल्यांदाच मागितलाय कुणीतरी. पडदा ओढला, पडदा सोडला, शिक्का मारला. बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय निगालं?" मी म्हटलं, "पोरगा." तो म्हणाला, "पेढे वाटा की मग!"

परत येताना यष्टीत एकटाच हसत होतो.

६ फेब्रु., मंगळ.

शेवटी आत्याला शरण. गिरजाआत्या, बापाची थोरली बहीण, उमापूरला असते. तिथल्या बूथवाल्याला सांगून तिला फोनवर बोलावून घेतलं. सगळं ऐकल्यावर तिने आधी मलाच चार शिव्या हासडल्या. मग म्हणाली :

"तुजी माय खुळी न्हाई. नवस फिटलाच न्हाई तुजा! सातवं वरीस सरलं की जावळ सटवाईला द्यायचं, पाळन्यात घालून तिच्यापुडं नाव सांगायचं, आन् माफी मागायची, असं बोललं हुतं. त्याच सालात तुजा बाप गेला. कोन करतंय मग? ऱ्हाऊन गेलं ते."

"मग आता?"

"आता काय? आता घालायचं पाळन्यात!"

"आत्या, सत्तावीस वर्षांचा हाय मी."

"मग पाळना मोठा करू."

९ फेब्रु.

आत्या न सांगताच येऊन थडकली. आल्या आल्या मायजवळ चुलीपाशी बसली आणि दोघींची हलक्या आवाजात बोलणी. मला बाहेर काढलं. आत काय झालं माहीत नाही. बाहेर आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "रविवारी. गल्लीतल्या बायांना सांगावा धाड."

माय आत रडत होती की कांदा चिरत होती, ते कळायला मार्ग नव्हता. जेवणात कांदा होता खरा.

११ फेब्रु., रविवार

आजचा दिवस!

सटवाईचं ठाणं गावाबाहेर ओढ्याच्या कडेला, शेंदूर फासलेला दगड, वर बोराटीचं झाड. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. पथकातले सगळे आले होते. रफिक कॅमेरा घेऊन.

पाळणा म्हणजे म्हादूतात्याची जाड घोंगडी. चार कोपरे चार गड्यांच्या हातात, मध्ये मी, गुडघे छातीशी घेऊन. उचललं तर घोंगडी कुरकुरली आणि गडीही. तात्या ओरडला, "आरं काय खातो का दगूड गिळतो!" रफिक फोटो काढू म्हणतोय पण हसण्याने त्याचा हात हलतोय. सगळे फोटो बिघडणार, हे मी घोंगडीतूनच त्याला सांगितलं.

बायकांनी पाळणा गायला घेतला. अर्ध्याजणी मुलाचा म्हणायला लागल्या, अर्ध्याजणी सवयीने मुलीचा. दोन्ही एकदमच चालले. मग थांबून भांडण, मग हसणं, मग परत सुरुवातीपासून. मी वर आभाळ बघतोय, आभाळ इकडून तिकडे जातंय.

आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव तेच, भागीरथी. बारशाच्या रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, त्यातले निम्मे मलाच बसले, आणि ते चुकून नव्हते. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या फोनला मी कधी ‘लाइन बिझी आहे’ म्हटलं होतं त्यांनी वसूल केलं.

न्हाव्याने केसांची एक बट कापून दगडापुढे ठेवली. मिशीवर वाद झाला. एक म्हातारी म्हणत होती मिशी पण द्यावी. मी साफ नाही म्हटलं. आत्याने माझी बाजू घेतली : "जावळ बोललं हुतं. मिशी बोललीच न्हवती."

मग आत्या दगडापुढे बसली. "सटवाबाई, चुकलं माकलं पोटात घाल. पोरगा हाय. लई वर्सं लपवला. तीन तू नेलेस, ह्यो आमाला दे."

माय इतका वेळ बाजूला बोराटीखाली उभी होती. गाण्यात नव्हती, हसण्यात नव्हती. ‘पोरगा हाय’ म्हटल्याबरोबर ती पुढे आली आणि पदर माझ्या डोक्यावर धरला, उन्हात पोराच्या डोक्यावर धरतात तसा. मी तिथेच रडलो, चारचौघांत. मिशांसकट.

त्यानंतर ढोल काढला. भंडारा उधळला. दिवस मावळेपर्यंत गजी. असा हात माझा आजवर चालला नव्हता. म्हादूतात्या घरी जाताना म्हणाला, "भाच्याचं नाव परत काडत न्हाई."

झोपायच्या आधी माय : "नाव बदलायचं न्हाई. तेवढं ऱ्हाऊ दे."

"न्हाई बदलत."

"मग बगू."

२० फेब्रु., मंगळवार

तहसील. माय इरकली नेसून आली होती, जणू कुणाच्या लग्नाला.

नायब तहसीलदार भला माणूस. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. माय खाली बघून ऐकत होती. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "आजी, तोंडानं सांगायचं. हा तुमचा मुलगा आहे की मुलगी?"

माय उठली. खिडकीपाशी गेली, खिडकी लावून घेतली. दार लोटलं. मग टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

साहेबांनीही हळूच विचारलं, "नक्की?"

मायने मान हलवली.

"बरं," साहेब कुजबुजले. मग कारकून कुजबुजला, "अंगठा इकडं." शिपायाने शाईचं पॅड चवड्यावर चालत आणून दिलं. अंगठा झाला, तरी आम्ही बाहेर पडेपर्यंत हापिसात कुणी मोठ्याने बोललं नाही.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, काय सांगितलंस गं साहेबाला? म्हणाली, "तुला कशाला पायजे?" आणि भेळ खायची म्हणाली. तिने भेळ मागितलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

२२ फेब्रु.

रफिककडे ईदचा शीरखुर्मा. मायला डबा भरून दिला त्याच्या अम्मीने. बारशाचे फोटो धुऊन आले, सगळे हललेले. एकात फक्त घोंगडी आणि बाहेर आलेले माझे पाय. तोच मी ठेवून घेतला.

२६ फेब्रु., सोम.

पा.गाव. मॅडमनी कागद नीट वाचले. प्रतिज्ञापत्रावर अंगठ्याशेजारी शेंदराचं बोट उमटलेलं होतं, मायने कधी लावलं कोण जाणे. हे काय, म्हणाल्या. मी सांगायला लागलो, आणि एकदा लागलो तो पाळण्यापर्यंत सगळंच सांगून बसलो. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कशाने, कळलं नाही.

"आणि नाव? भागीरथ करायचं ना?"

"न्हाई मॅडम. नाव ऱ्हाऊ द्या. नावानं माझं काही वाईट केलं न्हाई."

"विमानतळावर प्रत्येक जण विचारेल."

"सांगीन की."

दुरुस्त पासपोर्ट पोस्टाने येईल. मी म्हटलं, ११ मार्चला निघायचंय. "बघते," म्हणाल्या. बघते म्हणजे काय, ते सरकारी माणसालाच ठाऊक. पण चहा पाजला.

२९ फेब्रु., गुरु.

ताप. यष्टीत वारा लागला असणार. साधाच आहे, पण मायला कळलं तर? अंगठा देऊन दहा दिवसही झाले नाहीत आणि पोरगा आजारी. कागद परत आण म्हणेल, आणि स्वतःच्या जिवाला खाईल. म्हणून सकाळी लवकर बूथवर. स्वेटर काढून बसलो. रफिकने फोटोच्या पाकिटातून गोळ्या आणल्या. दिवसभर गिऱ्हाइकांशी मोठमोठ्याने हसून बोललो, एकाने तर विचारलं की दारू पिला का.

संध्याकाळी घरी गेलो तर मायने काही न विचारता कपाळाला हात लावला.

"ताप हाय."

"न्हाई गं, ऊन लागलं."

"गप. ताप हाय." मी तिच्या तोंडाकडे बघायला घाबरत होतो. ती काढा ठेवायला उठली. चुलीकडे तोंड करून म्हणाली, "ताप काय पोरींना येत न्हाई व्हय? समद्यांनाच येतो."

काढा जहर कडू होता. पेलाभर प्यालो, वर अजून मागितला.

६ मार्च

ताप गेला. पासपोर्ट नाही. बाकी सगळ्यांचे आलेले, तिकिटंही आली. मायने ती पाळण्याची घोंगडी तात्याकडून आणून धुऊन वाळवून घडी करून ठेवलीय, तिकडे थंडी असते म्हणून. पोस्टमन आता आमच्या दुकानाकडे न बघता पलीकडच्या बाजूने जातो. बिचाऱ्याचा काय दोष. पण माय त्याला हाक मारून थांबवतेच.

९ मार्च, शनिवार

आजही नाही. उद्या रविवार, डाक बंद. राहिली सोमवार सकाळची. जीप सोमवारी निघणार, व्हिसा विमानाच्या गावी सगळ्यांचा एकदम व्हायचाय. तात्या म्हणाला, "डाक वाटून झाल्याबिगर गाडी हालनार न्हाई. मग इमान चुकलं तरी चालंल." चालणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. भाचा दोनदा येऊन ढोलाकडे बघून गेला.

दुपारी माय बूथवर आली. म्हणाली, उमापूरला लाव, तुज्या आत्याला सांगायचंय. केबिनमध्ये गेली, दार उघडंच ठेवलं. बाजारात गर्दी, पानटपरीवर माणसं, समोर यष्टी उभी. आत्या फोनवर यायला वेळ लागत होता, म्हणून तिकडचा बूथवाला मायशी बोलत बसला असावा. कोण, कशासाठी, असं काहीतरी विचारलं असेल त्याने.

मायने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात :

"माजा पोरगा फ्रान्सला चाललाय! व्हय, पोरगा! माजा! भागा! ढोल वाजवतो, लई भारी वाजवतो!"

यष्टीतली माणसं खिडकीतून बघायला लागली. रफिक स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहिला, हातात कुणाचा तरी ओला फोटो.

आत्याशी बोलणं झालं. माय बाहेर येऊन स्टुलावर बसली, धाप लागली होती तिला. पदराने तोंड पुसलं. मग ओढ्याच्या बाजूला, सटवाईच्या ठाण्याकडे बघितलं.

म्हणाली, "ऐकलं असंल तिनं."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

घोटभर पाणी पिऊन म्हणाली, "ऐकू दे."